गळके छप्पर आणि माळ्यावरची पेटी

पावसाळ्यात छप्पर गळले आणि माळ्यावर ठेवलेली भाडेकरूची पेटी भिजली, तर नुकसान कोणी सोसायचे? प्रश्न इतका घरगुती आहे की त्याला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. छप्पर घरमालकाचे, पेटी भाडेकरूची आणि पाऊस कोणाचाच नव्हे. या तिघांमधली रेषा कोठे ओढायची यावर मात्र धर्मशास्त्रकारांपासून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत अनेकांनी डोके शिणवले आहे.

आमच्यासारख्या मंडळाला या प्रश्नात रस वाटण्याचे कारण कायद्यापलीकडचे आहे. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांत, बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत, इंदूर-ग्वाल्हेरच्या वाड्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या भाड्याने राहिली. नोकरी संस्थानाची, घर दुसऱ्याचे, आणि जे खरोखर आपले ते पोटमाळ्यावरच्या पेटीत. आजीचा शालू, मोडीतले कागद, लग्नातल्या याद्या, मासिकांचे बांधून ठेवलेले अंक, कोणा काकांची नाटकाची वही असा तो ऐवज असे. बाजारात त्याला किंमत नाही आणि इतिहासाच्या अभ्यासकाला त्यावाचून गती नाही. असे कागद किती नाहीसे झाले याची मोजदाद कोणी केलेली नाही. पण जुनी कागदपत्रे शोधत हिंडणाऱ्याला दर दोन-चार घरांत एक उत्तर हमखास मिळते : होते हो, पण भिजले.

आपल्या जुन्या ग्रंथांपासून आरंभ करू. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरे, वळचणी, पाण्याच्या वाटा यांविषयी बारकाईने नियम आहेत. शेजाऱ्याच्या भिंतीला पाण्याचा उपद्रव होऊ नये, पावसाच्या भयाने वरच्या बाजूस आच्छादन करावे, अशी ती व्यवस्था आहे. भाडेकरूचाही विचार तेथे आहे. मुदतीआधी आपण होऊन घर सोडणाऱ्याने वर्षाचे उरलेले भाडे द्यावे, असे कौटिल्य सांगतो. म्हणजे भाडेकरू त्याला ठाऊक आहे आणि गळणारे पाणीही ठाऊक आहे. परंतु दोन्ही एकत्र येऊन भाडेकरूची चीजवस्तू भिजली तर काय, याचे उत्तर त्या प्रकरणात नाही.

उत्तराच्या जवळ जाणारा विचार सापडतो तो ठेवीच्या प्रकरणात. एकाने दुसऱ्याच्या हवाली वस्तू ठेवली आणि ती आगीत किंवा पुरात गेली, तर ठेव सांभाळणाऱ्याने भरपाई देऊ नये, हे कौटिल्याला मान्य आहे. मनुस्मृतीतही चोर, पाणी आणि अग्नी यांचा असाच अपवाद आहे. याज्ञवल्क्याने राजा, दैव आणि तस्कर ही तीन कारणे सांगितली. त्या स्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याणीचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा; मराठी-कानडी सीमेवरच्या या गावाचा हवाला पुढे हिंदू कायद्याच्या निकालांतून शतकानुशतके दिला गेला. आपल्या भाषेत 'अस्मानी-सुलतानी' हा जोडशब्द रुळला आहे, त्यामागेही हीच कल्पना दिसते. आभाळाने केले किंवा राजाने केले, तर माणसाला जाब विचारू नये.

हा अपवाद न्याय्य खरा, पण तो लागू होतो ठेवीला. आणि ठेव व भाड्याची खोली यांत एक फरक आहे, त्यावर पुढचा सारा कायदा उभा आहे. वखारवाल्याकडे पोती सोपवली की किल्ली त्याच्याकडे जाते, म्हणून काळजीही त्याची. खोली भाड्याने घेतली की किल्ली भाडेकरूच्या कनवटीला, म्हणून आतल्या वस्तूंची काळजी त्याची. १८७२ च्या करार कायद्यातील १५१ आणि १५२ ही कलमे वखारवाल्याविषयी स्पष्ट आहेत : सामान्य शहाणपणाचा माणूस आपल्या मालाची जितकी काळजी घेईल तितकी त्याने दुसऱ्याच्या मालाची घ्यावी, तेवढी घेतली असेल तर नुकसानीस तो जबाबदार नाही. पाणी शिरते हे ठाऊक असलेल्या तळघरात धान्य रचणारा वखारवाला या कसोटीला उतरणार नाही. खोलीच्या मालकाला ही कसोटीच लागत नाही. लोक गुदाम 'भाड्याने घेतले' असे दोन्ही प्रकारांत सरसकट म्हणतात, आणि माल भिजल्यावर वकिलाकडे गेले म्हणजे पहिला प्रश्न येतो तो किल्लीचा.

किल्ली भाडेकरूकडे असली, तरी छप्पर त्याच्याकडे नसते. इमारतीत पाच बिऱ्हाडे असली तर कौले, पन्हळ, पाण्याची टाकी, जिना ही सारी मालकाच्या ताब्यात राहतात. या उरलेल्या भागातून पाणी आले तर? येथे आपल्याला इंग्लंडकडे वळावे लागते, कारण आपल्याकडच्या न्यायालयांनी पुढे जे मार्ग चोखाळले ते बहुतांशी तेथील निकालांवरून आखलेले आहेत.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज न्यायाधीशांची मूळ वृत्ती घरमालकाला फार सोयीची होती. १८६३ च्या एका निकालात त्यांनी निःसंकोचपणे सांगून टाकले की फसवणूक नसेल तर मोडकळीस आलेले घर भाड्याने देण्यास कायद्याची हरकत नाही. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. सजवलेल्या घराचा तेवढा अपवाद होता, आणि तो १८४३ साली ढेकणांनी मिळवून दिला. घर सामानासकट दिले असून त्यात ढेकूण भरले होते, तेव्हा भाडेकरूने सोडून जाणे योग्य ठरले. ढेकणांना मिळालेला हा मान गळतीला काही मिळाला नाही.

१८७१ सालचा कारस्टेअर्स विरुद्ध टेलर हा खटला मात्र थोडे थांबून पाहण्यासारखा आहे. एका गुदामाचा तळमजला व्यापाऱ्यांनी भाड्याने घेतला होता आणि त्यात तांदूळ साठवला होता. वरचा मजला मालकाने स्वतःकडे ठेवला होता. छपरावरचे पाणी पन्हळांतून एका लाकडी पेटीत जमे आणि तेथून नळीवाटे गटारात जाई. या पेटीला उंदराने कुरतडून भोक पाडले. जोराचा पाऊस झाला, पाणी वरच्या मजल्यावर उतरले, तेथून खाली झिरपले आणि तांदूळ भिजला. पन्हळांची तपासणी काही दिवसांपूर्वीच झालेली होती आणि तेव्हा सर्व ठीक होते.

व्यापाऱ्यांच्या बाजूने आधार होता तो रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या निकालाचा. गिरणीच्या तलावाचे पाणी शेजारच्या खाणीत शिरले होते, आणि ज्याने आपल्या जागेत धोकादायक वस्तू साठवली त्याने ती निसटल्यास निष्काळजीपणा नसतानाही भरून द्यावे, असे १८६८ साली लॉर्ड्स सभेने ठरवले होते. छपरावर पाणी जमवणे हाही साठाच, असा युक्तिवाद होता. एक्स्चेकर न्यायालयाने तो मानला नाही. न्यायाधीशांची कारणे एकसारखी नव्हती. एकाला उंदराचे कृत्य टाळता न येणाऱ्या आपत्तीसारखे वाटले. दुसऱ्याच्या मते छपरावरचे पाणी काढून देण्याची सोय मालक आणि भाडेकरू दोघांच्याही हिताची होती, ती भाडेकरूने जागा घेताना स्वीकारलेलीच होती, म्हणून तिच्यातून उद्भवलेल्या अपघाताचा भार एकट्या मालकावर टाकता येत नाही. मालक सुटला, तांदळाचे नुकसान व्यापाऱ्यांचेच राहिले.

आम्हांला यातले दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. उंदीर ही योगायोगाची गोष्ट. पण 'सोय दोघांची, म्हणून जोखीम दोघांची' हे तत्त्व एकदा मानले की मालकाकडे बोट दाखवण्यासाठी त्याचा काही दोष दाखवावा लागतो. हा दोष कोणता, याचे उत्तर यायला चौतीस वर्षे लागली. १९०५ साली हारग्रोव्ह्ज, ॲरन्सन कंपनीच्या खटल्यात पुन्हा तीच परिस्थिती आली : इमारतीतला एक मजला भाड्याने, छप्पर आणि पन्हळ मालकाकडे, पन्हळ तुंबलेली, खाली माल भिजलेला. या वेळी उंदीर नव्हता. या वेळी भाडेकरूने पन्हळ तुंबल्याचे कळवले होते आणि मालकांनी ती साफ करण्यात काही दिवस घालवले होते. मालक जबाबदार ठरले.

म्हणजे दोन्ही खटल्यांत पाऊस तोच आणि छप्परही तसेच. फरक होता तो कळवण्याचा. वर्दी मिळेपर्यंत मालक अजाण. वर्दी मिळाल्यावरही स्वस्थ बसला तर निष्काळजी. १९२४ च्या कॉकबर्न खटल्यात वरच्या मजल्यावरील भाडेकरू बाईची प्रकृती ओलीमुळे बिघडली, तेव्हाही हाच धागा पुढे गेला. छप्पर ज्याच्या ताब्यात, त्याने त्याची वाजवी काळजी घेतली पाहिजे, असे अपील न्यायालयाने म्हटले. उलट १९४२ साली एका दुकानात वरच्या काचेच्या छपराची पन्हळ तुंबून माल भिजला तेव्हा मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही आणि दुकानदाराला काही मिळाले नाही.

मधल्या काळातील एक प्रकरण मेलबर्नचे. इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरील धुण्याच्या भांड्याची मोरी कोणीतरी मुद्दाम बुजवली आणि नळ पूर्ण सोडून दिला. रात्रभरात पाणी खाली उतरून दुसऱ्या मजल्यावरील भाडेकरूचा माल खराब झाला. हा खटला लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला आणि १९१३ साली निकाल झाला. घरात नळाचे पाणी आणणे ही आता नित्याची गोष्ट आहे, तिला धोकादायक साठा म्हणता येत नाही. शिवाय परक्या माणसाच्या दुष्ट कृत्याबद्दल इमारतवाल्याला धरता येणार नाही, असे ठरले. प्रिव्ही कौन्सिल त्या काळी हिंदुस्थानचेही अखेरचे न्यायालय होते. याच कौन्सिलने १८७४ साली मद्रास इलाख्यातील एका जमीनदाराचा तलाव फुटून रेल्वेचे पूल वाहून गेले तेव्हा जमीनदाराला मोकळे केले होते. या देशात तलाव राखणे हे रूढीने चालत आलेले कर्तव्य आहे, कोणा एकाच्या फायद्याचा साठा नव्हे, हा विचार त्यामागे होता. घरगुती नळाला जे चाळीस वर्षांनी मिळाले, ते आपल्या तलावांना आधीच मिळालेले होते.

आता आपल्या कायद्याकडे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा हा भाडेपट्ट्याचा पाया. त्याचे १०८ वे कलम मालक आणि भाडेकरू यांची कर्तव्ये सांगते. जागेत काही मोठा दोष असेल, मालकाला ठाऊक असेल आणि भाडेकरूला साध्या पाहणीत कळण्याजोगा नसेल, तर मालकाने तो सांगितला पाहिजे. उन्हाळ्यात खोली दाखवली आणि आषाढात भिंत पाझरू लागली, की या पोटकलमाची आठवण होते. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे ती त्याने सूचना मिळूनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरूने स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून कापावा. पण मालक कोणत्या दुरुस्तीस बांधलेला आहे, हे कलम सांगत नाही. ते करारावर किंवा रिवाजावर सोडले आहे. भाडेकरूने मात्र जागा घेताना होती तशी राखून परत करावी. रोजच्या वापराने होणारी झीज आणि अनिवार आपत्ती यांचा तेवढा अपवाद.

या साऱ्यात घराचा विचार आहे आणि भाड्याचा आहे. घरात ठेवलेल्या वस्तूंचा उल्लेख नाही. छप्पर मालकाने शाकारले नाही तर शाकारण्याचा खर्च वसूल करता येईल; शालूचा खर्च वसूल करायचा तर स्वतंत्र दावा लावून, हलगर्जीपणा सिद्ध करून, १९०५ च्या वाटेने जावे लागेल.

मराठी माणसाच्या दृष्टीने आणखी एक गंमत येथे नमूद करणे इष्ट. हा कायदा सुरुवातीला मुंबई इलाख्याला लागूच नव्हता. पुणे, बेळगाव, धारवाड येथे तो १ जानेवारी १८९३ पासून आला. संस्थानांचा तर प्रश्नच नव्हता. कायद्याच्या पहिल्याच कलमात मुंबईचा आणि पुढे 'ब' वर्गाच्या म्हटल्या गेलेल्या राज्यांचा अपवाद आजही छापलेला आढळतो. त्या त्या प्रदेशात तो वेगवेगळ्या वेळी लागू होत गेला. गोमंतकात १९६१ पर्यंत पोर्तुगीज कायदा होता. तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावातील भाऊ, बडोद्यातील बहीण आणि मडगावातील मावशी यांच्या माळ्यावर एकाच श्रावणात पाणी गळले असते, तर तिघांना तीन निरनिराळ्या दरबारांत दाद मागावी लागली असती.

१ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. १९५६ पर्यंत पुणे, बेळगाव आणि बडोदे ही तिन्ही शहरे एकाच राज्यात होती आणि तिन्ही ठिकाणी १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याचा अंमल चाले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस १९१८ साली तात्पुरता म्हणून आलेला भाडेनियंत्रणाचा विचार या कायद्याने घट्ट केला. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याचे २३ वे कलम मोलाचे आहे. १८८२ च्या कायद्याने जे मोघम ठेवले होते ते येथे स्पष्ट झाले : उलट करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवण्यास मालक बांधलेला आहे. त्याने टाळले तर भाडेकरूने नोटीस द्यावी, वाट पाहावी, मग स्वतः दुरुस्ती करून भाड्यातून वळते करावे. इंग्लंडात न्यायाधीशांनी खटल्याखटल्याने जी वर्दीची अट घातली, ती येथे थेट कायद्याच्या शब्दांत आली.

कागदावर हा भाडेकरूचा विजय होता. प्रत्यक्षात काय झाले?

याच कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवले. युद्धकाळातील नफेखोरीपासून सामान्य माणसाला वाचवणे हा हेतू योग्यच होता, आणि त्यामुळे हजारो कुटुंबे शहरांत टिकली हे विसरता कामा नये. परंतु कौलांचे, लाकडाचे आणि गवंड्याच्या मजुरीचे भाव १९४० मध्ये थांबले नाहीत. महाराष्ट्रात १९४७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या १९९९ च्या कायद्याने (अंमल ३१ मार्च २००० पासून) चौदाव्या कलमात हीच रचना ठेवली. तीत नोटिशीनंतर पंधरा दिवसांची मुदत आहे, आणि वर्षभरात कापून घ्यायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक नसावी, अशी मर्यादा आहे. हिशेब करून पाहावा. महिना वीस रुपये भाडे असेल तर वर्षाचे दोनशे चाळीस. चौथा हिस्सा साठ रुपये. साठ रुपयांत आज पन्हळीचा एक हातभर तुकडाही बसत नाही. मालक म्हणे, या भाड्यात दुरुस्ती कोठून करू? भाडेकरू म्हणे, घर तुमचे, मी खर्च का करू? दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते, आणि पाणी मात्र दोघांच्या मधून गळत राहिले. गोठवलेले भाडे आता अवाजवी व मनमानी ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटले, तोवर पन्नास पावसाळे होऊन गेले होते. मुंबई शहरात १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमले. इतर गावांतील वाड्यांना तसा वाली मिळाला नाही.

याहूनही अवघड गोष्ट नोटिशीची होती, आणि आमच्या मते या इतिहासाचा गाभा तोच आहे. ज्या कायद्याने नोटीस द्या असे सांगितले, त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात भाडेकरूला घराबाहेर काढण्याची कारणे दिली होती. जागा रिकामी केल्यावाचून दुरुस्ती होणे शक्य नसेल, तर त्यासाठी ताबा मागण्याचा अधिकार मालकाला होता. दुरुस्ती झाल्यावर परत येण्याची तरतूद होती; पण वाडा एकदा सोडल्यावर परत येता येईल यावर कोणाचा भरवसा? मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम केले तर तेही ताबा गमावण्याचे कारण होते. म्हणजे भाडेकरूने छप्पर मोडकळीस आले आहे असे रजिस्टर पत्राने लिहून द्यावे, तर त्याने मालकाच्या हाती शस्त्र दिले. त्याने मुकाट्याने वर पक्के पत्रे घालून घ्यावेत, तर बांधकाम कायमचे की तात्पुरते यावर दावा. काहीच करू नये, तर पेटी भिजली.

बहुतेकांनी तिसरा मार्ग पत्करला. माळ्यावर बादल्या ठेवल्या, पेटीवर मेणकापड टाकले, आणि मालकाला जिन्यात गाठून तोंडी सांगितले. तोंडी सांगितल्याचा पुरावा उरत नाही. १९०५ पासून ज्या एका कागदावर भाडेकरूचा हक्क अवलंबून होता, तोच कागद त्याच्या घराच्या हक्काला धोक्यात आणत होता. म्हणून तो लिहिला गेला नाही. न्यायालयाच्या दप्तरात ताब्याचे आणि भाड्याचे दावे ढिगाने सापडतात. भिजलेल्या चीजवस्तूंचे दावे विरळा. त्यावरून वस्तू भिजल्याच नाहीत असा निष्कर्ष काढणारा इतिहासकार फसेल.

गळती आणि पूर यांत कायद्याने नेहमी फरक केला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचा बांध गेला आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांतून पाणी शिरले. वाड्यांचे खालचे मजले भाडेकरूंचे. ट्रंका, पुस्तके, भांडी सारे गाळात गेले. घरमालक आणि भाडेकरू यांच्यापुरते बोलायचे तर १०८ व्या कलमाचे एक पोटकलम येथे लागते. आग, वादळ, पूर किंवा सैन्याचा वा जमावाचा उच्छाद यांनी जागेचा मोठा भाग नष्ट वा कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेपट्टा रद्द करण्याचा पर्याय भाडेकरूला आहे. अस्मानी-सुलतानीचीच ही इंग्रजी आवृत्ती. पण पर्याय कसला? नियंत्रित भाड्याची जागा आपण होऊन रद्द करणारा भाडेकरू पुण्यात तेव्हा मिळाला नसता. चिखल उपसून, वीट-वीट पुन्हा रचून लोक त्याच खोल्यांत राहिले. धरण माणसांनी बांधलेले असल्याने आपत्ती अस्मानी की सुलतानी, हा वाद सरकार आणि चौकशी आयोग यांच्यात गाजला. मालक-भाडेकरूंच्या हिशेबात त्याने काही फरक पडला नाही.

आम्हा बडोदेकरांना विश्वामित्रीचा स्वभाव ठाऊक आहे. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ चा पूर या दोन्ही वेळी नदी वस्तीत आली, मगरीही आल्या. तळमजल्यावरच्या भाडेकरूंच्या खोल्यांत कंबरभर पाणी होते. पुराच्या बाबतीत घरमालकाकडे बोट दाखवता येत नाही हे खरेच. फार तर एवढे विचारता येते की मागच्या पुराची खूण रंगाखाली झाकून खोली दाखवली होती काय. ठाऊक असलेला, न दिसणारा दोष सांगण्याचे १८८२ चे बंधन तेथे आडवे येऊ शकते. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर तळमजला घेणारे लोक भिंतीवरची रेघ पाहू लागले. कायद्यापेक्षा अनुभव लवकर शिकवतो.

आजचा नवा भाडेकरू बहुधा भाडेकरू नसतोच. अकरा महिन्यांच्या 'लीव्ह अँड लायसन्स' करारावर तो राहतो, म्हणजे कायद्याच्या भाषेत तो परवानाधारक. त्याला भाडेकरूसारखा जागेवर हक्क नाही, म्हणून त्याची स्थिती दुबळी समजली जाते, आणि ताब्याच्या बाबतीत ती आहेही. पण परवान्याची व्याख्या येते ती १८८२ च्याच दुसऱ्या एका कायद्यातून, सुविधाधिकारांच्या. तो मुंबई इलाख्यात १८९१ साली लागू झाला. त्याचे ५७ वे कलम फारसे कोणी वाचत नाही. जागेतील जो दोष परवानाधारकाच्या देहाला किंवा त्याच्या मालमत्तेला अपाय करण्याचा संभव आहे, तो मालकाला ठाऊक असून परवानाधारकाला ठाऊक नसेल, तर मालकाने तो उघड केला पाहिजे, असे ते सांगते. लगतचे ५८ वे कलम म्हणते की जागा परवानाधारकाच्या देहाला वा मालमत्तेला धोक्याची होईल असे काही मालकाने करू नये. भाडेपट्ट्याच्या कलमात दोष मोजला जातो तो जागेच्या वापराच्या दृष्टीने. येथे राहणाऱ्याच्या वस्तूंचे नाव घेतले आहे.

२ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर आहे. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात दुरुस्तीची वाटणी केली आहे. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती आणि पाण्याच्या नळ्या बदलणे मालकाकडे. तोटी आणि तिचा वॉशर बदलणे, मोरी साफ ठेवणे भाडेकरूकडे. भिंतीतली नळी फुटली तर एकाचे काम, तोटी गळली तर दुसऱ्याचे. दीडशे वर्षांची रेषा अखेर भिंतीतून बाहेर येणाऱ्या नळाच्या टोकावर येऊन थांबली आहे. पूर, आग, चक्रीवादळ यांनी जागा राहण्याजोगी उरली नाही तर ती पूर्ववत होईपर्यंत भाडे घेऊ नये, असेही त्यात आहे. भिजलेल्या सामानाची वाटणी मात्र त्या परिशिष्टात नाही.

आमच्या पाहण्यात जे छापील करारनामे येतात, त्यांत शेवटाकडे एक ओळ बहुधा असते : जागेतील सामानाच्या नुकसानीस मालक जबाबदार राहणार नाही. सही करणारा ती वाचत नाही. वाचली तरी बदलून मागत नाही. ती ओळ ५७ व्या कलमासमोर कितपत टिकेल, हे प्रत्येक प्रकरणात मालकाला काय ठाऊक होते यावर ठरेल. तेवढ्यासाठी खोली घेताना छताचा, भिंतींचा आणि मोरीचा फोटो काढून ठेवावा, आणि पहिला ओलावा दिसताच मोबाइलवरून का होईना, तारखेसह दोन ओळी मालकाला पाठवून ठेवाव्यात. आमच्या आजोबांना जे पत्र लिहिण्याचे धाडस झाले नाही, ते आता अंगठ्याने लिहिता येते. पेटी मात्र त्याआधी माळ्यावरून खाली काढावी; तिच्यातले मोडी कागद एकदा तपासून, त्यांची प्रत मंडळाच्या ग्रंथालयात देण्याची विनंती आम्ही वाचकांना करीत आहोत.